डेटा विश्लेषक व्हावे की डेटा गुणवत्ता विश्लेषक?

दोन्ही पदांच्या जाहिरातींत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), एक्सेल आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) हीच नावे आढळत असल्याने ही कामे जवळपास सारखीच असावीत असा अर्जदाराचा समज होतो. डेटा विश्लेषक हाती आलेल्या आकड्यांवरून व्यवसायापुढील प्रश्नाचे उत्तर शोधतो; ते आकडे मुळात विश्वासार्ह आहेत का, हे गुणवत्ता विश्लेषक तपासतो.

समजा, ग्राहकांच्या तक्त्यात शेकडो जणांची जन्मतारीख १ जानेवारी १९०० अशी नोंदलेली आहे. विश्लेषक बहुधा त्या नोंदी वगळून सरासरी वय काढील आणि अहवाल वेळेत देईल, व त्यात गैरही काही नाही. गुणवत्ता विश्लेषकाचे काम तिथूनच सुरू होते. जन्मतारखेचा रकाना फॉर्ममध्ये सक्तीचा केल्यामुळे कर्मचारी घाईने काहीतरी भरून मोकळे होतात, की रिकाम्या जागी जुनी प्रणालीच ही तारीख टाकते, याचा छडा लावायचा, असे मूल्य आल्यास इशारा देणारा नियम लिहायचा आणि संबंधित विभाग दुरुस्ती करीपर्यंत पाठपुरावा करत राहायचे. यातील नियम लिहिणे सर्वांत सोपे. खरा वेळ पाठपुराव्यात जातो.

हे काम किरकोळ वाटत असेल, तर इंग्लंडमधील २०२० सालची घटना आठवावी. कोरोना चाचण्यांचे निकाल एकत्र करताना एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपातील फाइली वापरल्या गेल्या; अशा फाइलीच्या एका पानावर ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. परिणामी १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीत वेळेवर आल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला. पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या ओळींचा रोजचा ताळा, म्हणजे या व्यवसायातील अगदी प्राथमिक तपासणी, ही गळती उघड करण्यास पुरेसा ठरला असता.

श्रेयाच्या बाबतीत विश्लेषकाचे पारडे निःसंशय जड आहे. त्याचा डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आलेखांतून दाखवणारा फलक, बैठकीत पडद्यावर झळकतो, तर गुणवत्ता विश्लेषकाची आठवण बहुधा आकडे चुकल्यावरच होते. पुढे विश्लेषकाला व्यवसायनीती किंवा उत्पादन व्यवस्थापनाकडे वळता येते. गुणवत्तेच्या कामातून डेटा अभियांत्रिकी (माहिती वाहून नेणाऱ्या प्रणाली उभारणे) आणि डेटा प्रशासन (माहितीबाबतचे नियम व जबाबदाऱ्या ठरवणे) यांची वाट जवळ पडते, कारण माहिती कोठे जन्मते आणि कोणकोणत्या प्रणालींतून फिरते हे गुणवत्ता विश्लेषकाला ठाऊक झालेले असते.

ज्याला उत्तर मांडण्यात रस आहे त्याने विश्लेषक व्हावे. दोन अहवालांतील विक्रीचे आकडे जुळत नसल्यास ज्याला चैन पडत नाही, आणि इतरांची चूक त्यांना न दुखावता सांगणे ज्याला जमते, त्याने दुसरी वाट धरावी, असे माझे मत आहे. मात्र मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा: चूक सापडल्यावर मूळ प्रणालीत दुरुस्ती करवून घेण्याचा अधिकार या पदाला आहे का? दरमहा तोच तक्ता एक्सेलमध्ये हाताने साफ करायचा आहे असे उत्तर मिळाले, तर पदनाम काहीही असले तरी ती नोकरी विश्लेषकाची नव्हे, कारकुनाची आहे.