टेलिग्रामवरचं अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं ‘सीझन गाईड’: दोन वर्षं वाचून झाल्यावर

लेक इंडियाना विद्यापीठात शिकते, ब्लूमिंग्टनला. त्यामुळं तिच्या कॉलेजची फुटबॉल टीम २०२४ पासून आमच्या घरचीच झालीय. फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून पळतात तो. बेळगावात लेले मैदानावर होतो तो वेगळा. तिकडे शनिवारी दुपारी बाराला मॅच लागली की इथं निपाणीत रात्रीचे साडेनऊ होतात. जेवण उरकून मी मोबाईल घेऊन बसतो.

ह्याच नादात टेलिग्रामवरच्या एका चॅनलचं गाईड घेतलं. बाराशे रुपयांत एक पीडीएफ, वर कुठल्या मॅचवर कसे पैसे लावायचे त्याच्या हंगामभर टिपा. २०२४ चं घेतलं होतं, २०२५ चं त्या ऑगस्टमध्ये आलं. पैसे मी कधी लावले नाहीत, लावणारही नाही. टिप आली की वहीत उतरवायची आणि निकाल लागला की समोर बरोबर-चूक लिहायचं, एवढंच करतो.

वहीचंच आधी सांगतो. २०२४ च्या हंगामात मी ४० टिपा उतरवल्या. २० बरोबर, २० चूक. चॅनलवर मेसेज आला, ‘निम्म्या बरोबर, म्हणजे नुकसान नाही.’ तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला हे कसं पटणार? तिकडं साधारणपणे १०० जिंकायला ११० लावावे लागतात. २० वेळा जिंकून २,००० आले, २० वेळा हरून २,२०० गेले. दोनशेची तूट. शंभरात ५२-५३ बरोबर आल्याशिवाय बरोबरीसुद्धा होत नाही. ही साधी गोष्ट दोन्ही गाईडांत कुठल्याच पानावर सापडली नाही.

आता टीमच्या अंदाजाचं. २०२३ मध्ये इंडियाना १२ पैकी ३ मॅच जिंकली होती, म्हणून २०२४ च्या गाईडमध्ये तिला तळाला टाकलेलं. तिकडच्या बऱ्याच जाणकारांनीही तसंच केलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की कर्ट सिग्नेटी नवे कोच म्हणून आले, येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडू घेऊन आले, याचा गाईडमध्ये एका ओळीचाही उल्लेख नव्हता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून आला होता, तर छापलं ‘ओहायो स्टेट’. ती दोन वेगळी कॉलेजं आहेत, आणि ओहायो स्टेट तर इंडियानाची त्याच लीगमधली प्रतिस्पर्धी. मी विचारलं, उत्तर आजतागायत नाही. इंडियाना त्या हंगामात ११ मॅच जिंकली, २ हरली, पर्ड्यूला ६६-० नं धुतलं आणि बारा टीमच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत गेली. नोत्र दामकडून हरली ती मॅच आम्ही सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घेऊन बघितली. लेक फोनवर रडत होती.

२०२५ च्या गाईडमध्ये त्यांनी उलटं केलं. २०२४ मध्ये ११ जिंकल्या, म्हणून ‘डोळे झाकून ओव्हर’. ओव्हर म्हणजे बेटिंगवाल्यांनी ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त मॅच जिंकणार. अहो, मागच्या साली ह्या शिवारातला तंबाखू चांगला होता म्हणून यंदा पान हातात न घेता कोण दर बांधतो? रूर्क गेला होता. त्याच्या जागी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा आला होता. ओरेगन, आयोवा आणि पेन स्टेट, तिन्ही अवघड मॅच त्यांच्या घरी जाऊन खेळायच्या होत्या. दुसऱ्या बाजूला ओहायो स्टेट आणि मिशिगन २०२५ च्या वेळापत्रकात नव्हत्या. हे सगळं तोलून मग जो काय आकडा सांगायचा तो सांगा. माझ्या मते सुरुवातीच्या तीन मॅचवरून काही कळणार नव्हतं, समोरच्या टीम हलक्या होत्या. २० सप्टेंबरला इलिनॉय घरच्या मैदानावर येणार होतं, २०२४ मध्ये १० जिंकलेली टीम. मेंडोझा कसा आहे ते तिथं दिसणार होतं.

चांगलं काय, तर वेळापत्रकाचा तक्ता. घरची मॅच, बाहेरची मॅच, मधली सुट्टी, सगळं एका पानावर आणि अक्षर मोठं. चष्मा न लावता वाचता येतं. त्याची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला लावलीय.

सगळ्यात खटकलं ते प्रत्येक पानाखाली बेटिंग ॲपची लिंक. २२ ऑगस्ट २०२५ ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. जाहिरातीलाही बंदी आहे. तरी २०२५ च्या पीडीएफमध्ये लिंक तशाच. वखारीत शनिवारचा पगार घेऊन मटक्याच्या टपरीकडं वळणारी माणसं मी बघितलीत, आणि सोमवारी उचल मागायला आलेल्या त्यांच्या बायकाही. त्या लिंक काढा म्हणून चॅनलवर लिहिलं, तर मलाच ग्रुपमधून काढलं.

पाचपैकी एक तारा, तोही तक्त्यासाठी. पुढच्या वर्षी तक्ता लेकीकडून मागवून घेईन.