झोप कोणत्या स्पर्धेसाठी मोडायची? चॅम्पियन्स लीग, क्लब वर्ल्ड कप आणि आशिया

पुण्यात बसून परदेशी क्लबांचं फुटबॉल पाहायचं म्हणजे झोपेचा प्रश्न येतोच. सकाळी हिंजवडीची बस किंवा पोरांची शाळा चुकवता येत नाही, आणि सगळंच पाहीन म्हणणारा महिन्याभरात काहीच धड पाहत नाही. म्हणून एकच स्पर्धा निवडा. निवडताना खेळाडूंची नावं बाजूला ठेवा. क्लबांना प्रवेश कसा मिळतो आणि एक सामना हरला तर काय होतं, या दोन गोष्टी आधी बघा. स्पर्धेत दम आहे की नाही, ते तिथेच कळतं.

आधी युरोपची चॅम्पियन्स लीग. 2024-25 पासून तिथले चार-चार संघांचे गट गेले. आता 36 क्लब एकाच गुणतक्त्यात असतात. प्रत्येकाला आठ वेगवेगळ्या क्लबांशी खेळावं लागतं, चार सामने घरी आणि चार बाहेर. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत जातात, 9 ते 24 क्रमांकाचे उरलेल्या आठ जागांसाठी प्लेऑफ खेळतात आणि खालचे बारा बाहेर पडतात.

या रचनेवर टीका बरीच होते आणि त्यातली एक मला पटते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादा सामना हरल्याने मोठ्या क्लबाचं फारसं बिघडत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या सैल वाटतात. पण शेवटची फेरी बघा. 29 जानेवारी 2025 ला अठराही सामने एकाच वेळी सुरू झाले, आपल्याकडे मध्यरात्रीचा दीड वाजला होता. मध्यंतराला मँचेस्टर सिटी ब्रुगविरुद्ध 0-1 मागे होती, म्हणजे स्पर्धेतून बाहेर. मग 3-1 जिंकून ती कशीबशी 22वी आली आणि प्लेऑफमध्ये तिच्यासमोर उभी राहिली रिअल माद्रिद. तिथे तिचा खेळ आटोपला. त्याच तक्त्यात पॅरिस सेंट जर्मेन 15वं होतं. त्यांनी बाद फेरीत, तक्त्यात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पेनल्टीवर घरी पाठवलं आणि अंतिम सामन्यात इंटरला 5-0 हरवून करंडक नेला.

प्रवेशाची पद्धत मला इथलीच सर्वात चोख वाटते. बहुतेक जागा मागच्या हंगामातल्या देशांतर्गत लीगवर ठरतात. त्याशिवाय आदल्या वर्षी ज्या दोन देशांच्या क्लबांनी युरोपात सर्वात चांगली कामगिरी केली, त्यांना एकेक जादा जागा मिळते. लहान देशांच्या विजेत्यांना जुलैपासून पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात. कझाकस्तानचा कैरात 2025-26 मध्ये अशा चार फेऱ्या पार करून आत आला, त्यातल्या दोन पेनल्टीवर. शेवटी सेल्टिकला हरवलं, आणि मग रिअल माद्रिदला विमानात बसून अल्माटीला जावं लागलं. रिअलने तिथे पाच गोल केले, ते ठीक. पण ती जागा कैरातने मैदानावर कमावली होती.

जगभरातल्या क्लबांच्या क्लब वर्ल्ड कपचं गणित वेगळं. 2025 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा 32 क्लबांची स्पर्धा झाली. आठ गट, प्रत्येकी चार संघ, तीन सामने आणि पहिले दोन पुढे. नव्या प्रेक्षकाला हे पाच मिनिटांत समजतं. एक हार झाली की दुसऱ्याच सामन्यात जीव टांगणीला लागतो. महिन्याभरात सगळं आटोपतं. काही सामने तर आपल्या सोयीच्या वेळी होते. सौदी अरेबियाच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला जादा वेळेत 4-3 हरवलं, तो सामना आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू झाला.

खटकतो तो प्रवेश. युरोपच्या 12 जागा 2021 ते 2024 चे विजेते आणि चार वर्षांची क्रमवारी यांवरून ठरल्या, शिवाय एका देशाचे साधारणपणे दोनच क्लब. म्हणून इंग्लंडकडून 2021 चा विजेता चेल्सी आणि 2023 चा मँचेस्टर सिटी गेले. 2024-25 ची इंग्लिश लीग जिंकलेलं लिव्हरपूल घरी बसलं. चेल्सीने पुढे अंतिम सामन्यात पॅरिसला 3-0 हरवून आपली जागा सिद्ध केली, हे मान्यच. यजमान देशाची जागा इंटर मायामीला मिळाली. मेक्सिकोच्या लेऑनला एकाच मालकाचे दोन क्लब नकोत या नियमामुळे वगळलं आणि त्याची जागा लॉस एंजेलिसच्या क्लबाने एका सामन्यात मिळवली. आणि जर्मनीच्या बायर्नने न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीवर दहा गोल केले, तो सामना पाहणं जड गेलं. त्याच ऑकलंडने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला 1-1 रोखलं, तेव्हा मात्र मन भरून आलं. पुढची स्पर्धा 2029 ला.

आशियाकडे बहुतेक जण बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या क्लबांना वाट आहे ती इथेच. 2025-26 मध्ये सर्वात वरची एलिट स्पर्धा 24 क्लबांची होती, पूर्व आणि पश्चिम असे दोन वेगळे तक्ते. तिच्याखालच्या चॅम्पियन्स लीग टूमध्ये 32 क्लब होते. त्या हंगामासाठी आयएसएल या भारतीय लीगच्या साखळीत पहिलं येऊन शील्ड जिंकलेल्या मोहन बागानला तिथे थेट जागा मिळाली. सुपर कप जिंकलेल्या एफसी गोव्याने प्राथमिक सामन्यात ओमानच्या अल सीबला हरवून जागा मिळवली आणि सौदीच्या अल नासरशी दोन हात केले. मोहन बागान मात्र इराणमधल्या सामन्याला गेलं नाही आणि बाहेर पडलं. मैदानावर मिळवलेली जागा अशी जाऊ द्यायला नको होती.

आणि पुणेकरांनी तरी आशियाला परकं समजू नये. 2023 मध्ये मुंबई सिटीचे आशियाई चॅम्पियन्स लीगचे काही घरचे सामने आपल्या बालेवाडीत झाले. अल हिलालविरुद्धचा सामना मात्र नवी मुंबईत झाला. त्यांच्या नेमारला दुखापत झाली म्हणून तो आला नाही, पण अल हिलाल आला. रियाधमध्ये 0-6 हरलेल्या मुंबईने घरी 0-2 पर्यंत तग धरला. मुंबईने सहाही सामने गमावले, तरी तो दर्जा डोळ्यांसमोर, पडद्याशिवाय बघायला मिळाला.

तर निवड अशी करा. घरात दहावी-बारावी असेल तर चॅम्पियन्स लीगच्या फेब्रुवारी-मार्चच्या बाद फेऱ्या नेमक्या बोर्डाच्या परीक्षेत येतात. त्या वर्षी सरळ मे महिन्याच्या अखेरचा अंतिम सामना धरा. बाकीच्यांनी जानेवारीपासून चॅम्पियन्स लीग पाहावी, त्याआधीच्या फेऱ्या सुटल्या तरी चालेल. अगदी नवख्याला किंवा लहान मुलांना गोडी लावायची असेल तर क्लब वर्ल्ड कप उत्तम, फक्त 2029 पर्यंत थांबावं लागेल. आणि भारतीय क्लबाचा आशियातला सामना बालेवाडीत किंवा गोव्यात असेल, तर तिकीट काढून जा.