चंद्रपूरच्या उन्हात स्प्लेंडरला सिंथेटिक ऑइल: १८,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

माझी हिरो स्प्लेंडर प्लस २०१७ सालची आहे. नोकरीसाठी चंद्रपूर ते बल्लारपूर असे रोजचे जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर आणि रविवारी मूल गावाकडच्या शेतावरची फेरी धरली, तर महिन्याला साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालते. मार्च २०२४ मध्ये मीटरवर ६४,००० चा आकडा आला, तेव्हा नेहमीचे मिनरल ऑइलच (कच्च्या तेलातून गाळून काढलेले) टाकत राहावे की दुप्पट पैसे मोजून फुल सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) घ्यावे, हा प्रश्न मला पडला. दुकानदार, मिस्त्री आणि सहकारी या तिघांची तीन मते ऐकल्यावर मी एक वही घातली. पहिले ६,००० किलोमीटर मिनरलवर, पुढचे १२,००० सिंथेटिकवर, अशी सोळा महिन्यांची नोंद आता माझ्याकडे आहे आणि पुढे लिहितो आहे ते त्या वहीच्या आधारे.

दोन्ही वेळा मी ऑइलचा ग्रेड, म्हणजे घट्टपणाचा क्रमांक, एकच ठेवला, तो म्हणजे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला १०डब्ल्यू-३०. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ लोक मिनरल २०डब्ल्यू-४० काढून सिंथेटिक १०डब्ल्यू-३० टाकतात आणि गाडी हलकी झाली की त्याचे श्रेय सिंथेटिकला देतात. प्रत्यक्षात तो फरक बहुतांशी ग्रेडचा असतो. यातील १०डब्ल्यू हा आकडा कडाक्याच्या थंडीतील वर्तनाचा आहे. त्याची चाचणीच मुळी उणे २५ अंशांवर होते. पुढचा ३० हा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांवर, ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. थंडीत चटकन सुरू होण्याचा जो गुण सिंथेटिकच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला असतो, तो लडाखमधल्या माणसाच्या कामाचा आहे. आमच्याकडे जानेवारीतली अगदी थंड सकाळही आठ-दहा अंशांची असते आणि त्या थंडीत माझी गाडी दोन्ही ऑइलवर दुसऱ्या किकला सुरू झाली.

आमचे मिस्त्री मात्र वेगळे सांगत होते. "सर, दहाचं पातळ तेल इथल्या उन्हात टिकत नाही, वीस-चाळीसच टाका," असा त्यांचा आग्रह असे. पूर्वी, २०२२ मध्ये, मी एकदा तेही करून पाहिले होते. किक जड झाली, सकाळचे पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी ओढत चालल्यासारखी वाटू लागली आणि लिटरमागची सरासरीही घसरली. मिस्त्रींचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या हाताला मी मानतो. पण उन्हावरचा उपाय घट्ट ऑइल हा नसून उष्णतेत न बिघडणारे ऑइल हा आहे, असे माझे मत या सोळा महिन्यांत पक्के झाले.

त्याचे कारण या इंजिनाच्या घडणीत आहे. ९७.२ सीसीचे हे इंजिन केवळ हवेने थंड होते. त्याला रेडिएटर नाही आणि ऑइल कूलरही नाही. आत ऑइल असते जेमतेम ९०० मिली. त्याच ऑइलने पिस्टनला वंगण पुरवायचे, त्यानेच उष्णता वाहून न्यायची, त्यातच क्लचच्या प्लेटा भिजत राहायच्या आणि गिअरचे दातही त्यातच फिरायचे. मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असते आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, त्यामुळे मोटारीचा अनुभव दुचाकीला जसाच्या तसा लावता येत नाही. ऑइल उष्णतेतही पुरेसे घट्ट राहावे म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळलेले असतात. गिअरच्या दातांमध्ये चिरडून या साखळ्या तुटत जातात आणि मग तीसचे ऑइल हळूहळू पातळ होते. सिंथेटिकचे मूळ तेलच तापमानाच्या बदलाला कमी दाद देणारे असल्यामुळे त्याला पॉलिमरचा आधार कमी लागतो आणि म्हणून तुटण्यासारखेही कमी असते.

हे पुस्तकी वाटेल, पण मला ते जटपुरा गेटच्या गर्दीत जाणवले. मे २०२४ च्या अखेरीस नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता, तापमापक पंचेचाळीसच्या पलीकडे गेला होता आणि दुपारी दोनच्या सुमारास मी गर्दीत अडकलो होतो. तेव्हा नुकतेच बदललेले मिनरल ऑइल जेमतेम सहाशे किलोमीटर चालले होते, तरी तापलेल्या गाडीचा न्यूट्रल सापडेना. पहिल्यावरून उचलले की दुसरा पडे, दुसऱ्यावरून दाबले की पुन्हा पहिला आणि हिरवा दिवा काही लागेना. जुलैत, २,५०० किलोमीटर उलटल्यावर, तर ऊन उतरलेले असूनही हाच त्रास रोजचा झाला. सिंथेटिकवर एप्रिल २०२५ चे कडक ऊन निघाले. त्या वेळी ऑइल ३,५०० किलोमीटरच्या घरात होते आणि त्याच ठिकाणी, त्याच वेळेला न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात लागत असे. गिअर जड होण्याची पहिली नोंद वहीत ४,८०० किलोमीटरला आहे. नवतप्याशी नवतपा ताडून पाहायचा माझा विचार होता, पण २०२५ चा नवतपा ढगांत आणि पावसात गेल्यामुळे तो मी हिशेबात धरलेला नाही.

दुसरा स्पष्ट फरक पातळीचा. स्प्लेंडरची डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून घट्ट केली की पातळी खोटीच जास्त दिसते, आणि ही चूक मी कित्येक जणांना करताना पाहिले आहे. मिनरल ऑइल दोन्ही खेपांना २,७०० किलोमीटरच्या आसपास खालच्या रेघेला टेकले. सिंथेटिक ३,००० किलोमीटरला दोन रेघांच्या मध्याच्या किंचित वर होते आणि ४,००० ला मी त्यात १०० मिली भर घातली. सिंथेटिकची बाटली लिटरची असते, इंजिनात जाते ९०० मिली आणि उरलेले १०० मिली नेमके याच कामी येते. सिंथेटिक उष्णतेत कमी उडते हे मोजण्यासाठी २५० अंशांवर तासभर ऑइल तापवून किती वजन घटले ते पाहण्याची नोआक नावाची चाचणी आहे. माझ्यापुरती ती चाचणी डिपस्टिकनेच केली. नऊशे मिलीतून समजा दीडशे मिली कमी झाले, तर सहावा हिस्सा गेला. एवढ्या लहान इंजिनात ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

सरासरीबद्दल मात्र जे सांगितले जाते ते मला दिसले नाही. मिनरलवर ६३ आणि सिंथेटिकवर ६४ किलोमीटर प्रतिलिटर अशी माझी नोंद आहे. पंपावर टाकी कुठवर भरली आणि वारा कोणत्या बाजूचा होता एवढ्यानेही हा एक किलोमीटर इकडचा तिकडे होतो. पेट्रोल वाचेल या आशेने कोणी सिंथेटिक घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. पिकअप वाढला असेही मी म्हणणार नाही. टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज तेवढा तापल्यावर मऊ राहिला.

बाटली निवडताना मी प्रथम ग्रेड पाहतो, मग जासोची (जपानी वाहन मानकांची) खूण आणि त्यानंतर मिनरल की सिंथेटिक. हा क्रम मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी रस्त्यातल्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीत मोटारीचे ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल टाकले गेले. चांगले, महागाचे आहे, असे सांगितल्यामुळे मीही हरकत घेतली नाही. चार दिवसांनी पत्नीसह रेल्वेचा उड्डाणपूल चढताना इंजिनाचा आवाज वाढत गेला, पण गाडी काही पुढे ओढेना आणि मागून ट्रक येत होता. मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण घटवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती इंधन वाचवतात, पण ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचची पकडही सोडवतात. ते ऑइल काढून, योग्य ऑइल भरून, दोनशे किलोमीटरनंतर तेही पुन्हा बदलले आणि प्लेटा धुऊन घेतल्या, तेव्हा कुठे क्लच ताळ्यावर आला. म्हणून गिअरच्या मोटारसायकलसाठी बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ असलेच पाहिजे. एमबी ही खूण ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी आहे. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाच्या) अक्षरांत माझ्या गाडीला एसजे पुरते. एसएल, एसएम, एसएन ही त्यानंतरची आहेत आणि जासोची खूण सोबत असेल तर ती चालतात.

"फुल सिंथेटिक" या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये. अमेरिकेत १९९९ साली जाहिरातींच्या तंट्यात निर्णय देणाऱ्या मंडळाने कच्च्या तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळवलेल्या मूळ तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास मोकळीक दिली. मूळ तेलांच्या वर्गवारीत ही तिसऱ्या गटातील तेले. लहान रेणू जोडून बनवलेली पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) तेले चौथ्या गटात येतात. आज बाजारात सिंथेटिक म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत तिसऱ्या गटाचे तेल असते. ते वाईट मुळीच नाही, माझ्या बाटलीतही बहुधा तेच होते आणि वरचे सगळे चांगले अनुभव त्याचेच आहेत. फक्त दोन बाटल्यांच्या किमतीत मोठी तफावत दिसली, तर तिचे एक कारण हे असू शकते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तिच्याबद्दल. सिंथेटिक दहा-बारा हजार किलोमीटर चालते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्प्लेंडरला मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. तळाशी एक जाळी आणि उजव्या झाकणाआड, क्रँकबरोबर (इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर) फिरणारा एक रोटर, एवढीच गाळणी आहे. रोटर ऑइलला गरगर फिरवतो आणि जड कण कडेला फेकून तिथेच धरून ठेवतो. जून २०२५ अखेरीस, एकूण १८,००० किलोमीटर पूर्ण झाल्यावर, मी झाकण उघडून घेतले. रोटरच्या आतल्या कडेला ओल्या काजळासारखा लगदा बोटाच्या पेराएवढ्या जाडीने बसला होता आणि चिमटीत घेऊन चोळला तर त्यात बारीक कचकच लागत होती. बल्लारपूरच्या वाटेवर कोळशाचे ट्रक रोज पुढे असतात. एअर फिल्टरमधून सुटलेली धूळ आणि क्लचच्या प्लेटांची झीज हे सगळे तिथे साठले होते. ऑइल स्वतः कितीही टिकाऊ असले, तरी त्यात साठणारी घाण त्याच्या टिकाऊपणाने कमी होत नाही. त्यामुळे मी ६,००० किलोमीटरची मर्यादा ओलांडत नाही, दर बदलाला जाळी धुतो आणि रोटर यापुढे बारा हजारांवर साफ करून घेणार आहे. त्याचे गॅस्केट नवे बसवावे लागते, तेवढा खर्च धरावा.

पैशांचा हिशेब असा. मिनरल ऑइल मला ३९० रुपयांना पडले आणि आमच्या उन्हाधुळीत ते मी ३,००० किलोमीटरला बदलत होतो, म्हणजे किलोमीटरला १३ पैसे. सिंथेटिक ८४० रुपयांना पडले आणि ६,००० चालले, म्हणजे १४ पैसे. मजुरी आणि मिस्त्रीकडची फेरी एक-एकदा वाचली, हे धरले तर सिंथेटिक मला स्वस्तच पडले. पण पुस्तिकेत ६,००० किलोमीटरला बदल आणि मध्ये ३,००० ला भर असे सांगितले आहे आणि ज्याची गाडी नाशिकसारख्या हवेत रोज दहा-बारा किलोमीटर चालते, त्याला ते मिनरलवर सहज पाळता येईल. नाशिकला माझ्या मेहुण्याची स्प्लेंडर वर्षाला चार हजारही चालत नाही. त्यांना मी मिनरलच टाकायला आणि वर्ष भरताच, किलोमीटर न पाहता, बदलायला सांगितले आहे.

जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकले की गळती लागते, असे म्हणतात. माझ्या गाडीला गिअर लिव्हरच्या सीलपाशी आधीपासून ओलसरपणा होता आणि सिंथेटिक टाकल्यावर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तो थेंबावर आला. सील तीस-चाळीस रुपयांचे होते; ते बदलल्यावर आजवर तिथे ओल नाही. सील मुळात शिणलेले होते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

झाकणाची सीलपट्टी दुकानातच स्वतःच्या हाताने तोडावी आणि रिकामी बाटली खिळ्याने भोक पाडूनच टाकावी, कारण रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात. काढलेले काळे ऑइल आमच्याकडे सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला मागून नेतात, पण ते घातक कचऱ्यात मोडते, म्हणून मी ते जुन्या डब्यात साठवून अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पिंपात ओतून येतो. सध्या गाडीत सिंथेटिकची तिसरी बाटली आहे आणि उरलेले १०० मिली पुढच्या भरीसाठी डिक्कीत ठेवले आहे.