वीस दिवसांचं बाळ आणि ‘तयार’ कागद

लग्नाला अकरा वर्षं झाली, आयव्हीएफच्या चार फेऱ्या झाल्या, आणि न्यू जर्सीतल्या घरात बसून आम्ही ठरवलं की मूल भारतातूनच दत्तक घ्यायचं. इथल्या मान्यताप्राप्त संस्थेने सगळं नीट समजावलं होतं. आम्ही भारतीय नागरिक, त्यामुळे कारा या भारतातल्या केंद्रीय दत्तक संस्थेच्या प्रतीक्षायादीत देशातल्या जोडप्यांच्या बरोबरीनेच नंबर लागणार. पण तान्हं बाळ हवं असेल तर तीन वर्षांच्या वर थांबायची तयारी ठेवा, असंही सांगितलं. मी चाळिशीला टेकले होते. माझा धीर तिथेच सुटला.

सासरच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. स्वतःला वकील म्हणवायचा. “ताई, कारा-बिराच्या भानगडीत कशाला पडता? हिंदू दत्तक कायद्याने दत्तकपत्र करू, महिन्याभरात पासपोर्ट हातात.” दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. स्टीलच्या पाळण्यात मुलगी, कपाळावर काजळाची तीट, मनगटाला काळा दोरा. “वीस दिवसांची आहे. आई अविवाहित. कागद तयार आहेत.” तो फोटो मी दिवसातून किती वेळा उघडायचे, सांगता येणार नाही. आम्ही तिचं नावही ठरवलं होतं.

तीन हप्त्यांत ४ लाख ८० हजार गेले. दर वेळी खातं वेगळं आणि कुणातरी व्यक्तीच्या नावावरचं. पावती मागितली की “विश्वास नाही का ताई?” मग दत्तकपत्राची स्कॅन आली. शंभराचा स्टॅम्पपेपर, त्यावर नोटरीचा गोल शिक्का. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी नाही.

ते कागद मी शेवटी संस्थेतल्या समाजसेविकेला दाखवले. ती एवढंच म्हणाली, “बाळ वीस दिवसांचं आहे, तर कागद तयार कसे?”

आईला बाळ सोपवायचं असेल तर तिला बाल कल्याण समितीसमोर तसं लिहून द्यावं लागतं, आणि त्यानंतर निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात. टाकून दिलेलं, दोन वर्षांखालचं बाळ असेल तर आधी पालकांचा शोध घेतात, त्यालाही दोन महिन्यांची मुदत असते. मगच समिती त्या बाळाला दत्तकासाठी मुक्त ठरवते. ते ६० दिवस त्या आईच्या हक्काचे असतात. मी पैसे देऊन ते तिच्याकडून काढून घ्यायला निघाले होते, आणि हे मला दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

पुढचंही तेव्हाच कळलं. भारत आणि अमेरिका दोघेही देशादेशांतल्या दत्तकाविषयीच्या हेग करारात आहेत. नुसत्या नोटरीच्या कागदावर बाळाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश लागतो (सप्टेंबर २०२२ आधी तो न्यायालय द्यायचं), मग करारानुसार दत्तक झाल्याचा दाखला, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. खऱ्या प्रक्रियेत बाळाची माहिती काराच्या पोर्टलवर, तुमच्या नोंदणीवर येते. फोटोबरोबर बालकाचा अभ्यास अहवाल (म्हणजे बाळाची पार्श्वभूमी) आणि वैद्यकीय अहवाल असतो. कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला, तर फोन तिथेच ठेवा. पैसे कुणा माणसाच्या खात्यात मागितले, तरीही.

तक्रार करायला आम्ही दोन महिने घाबरलो. मुलाची खरेदी-विक्री केली तर बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि घेणाराही त्यातून सुटत नाही. घरचे म्हणाले, गेले पैसे, जाऊ दे. तरी यांनी सुट्टी काढली, गावी जाऊन पोलिसांत लिहून दिलं, जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही कळवलं. तिथल्या अधिकारी बाईंनी पैशांचं नंतर विचारलं. आधी विचारलं, “बाळ कुठे आहे?” यांच्याकडे उत्तर नव्हतं.

तो फोटो आता पोलिसांकडे आहे. आमची रीतसर नोंदणी झाली, समाजसेविकेने घरी येऊन पाहणी केली, तिचा गृह अध्ययन अहवालही झाला, नंबर लागायला वेळ आहे. पोलीस ठाण्यात फोन केला की मी अजून त्या मुलीचंच विचारते. ती सापडलेली नाही.