मारुती 800 मध्ये शिरणारे पाणी: उद्यमनगरातील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फाउंड्र्या आणि लेथच्या कारखान्यांच्या अधेमध्ये, डेंटिंग-पेंटिंगची बरीच गॅरेजेस आहेत. त्यांपैकी एका गॅरेजचे मिस्त्री जुन्या गाडीत शिरणारे पाणी शोधून बंद करण्याचे काम स्वतंत्रपणे घेतात आणि त्यातही शोधण्याची मजुरी वेगळी, बंद करण्याची वेगळी, असे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात. गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण पावसाळ्यात त्यांच्या दारात आधीच गाड्यांची रांग असते आणि तीत आणखी भर नको, अशी त्यांचीच विनंती आहे. कामाविषयी मात्र सविस्तर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

माझी गाडी 1998 सालची, एसी असलेली मारुती 800. तिची समोरची काच आजच्या गाड्यांसारखी चिकटवलेली नसून रबरी बीडिंगमध्ये बसवलेली आहे. दोन पावसाळ्यांपासून डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोरची मॅट भिजत होती, गाडीत कुबट वास भरून राहत होता आणि सकाळी सगळ्या काचा आतून धूसर झालेल्या असत. याआधी एका दुसऱ्या गॅरेजने काचेच्या कडेने सिलिकॉनची जाडजूड रेघ ओढून दिली होती. तिने गळती थांबली नाहीच, उलट पाणी आता कुठून येते हे शोधणे आणखी अवघड झाले. बाजारातले स्वस्त, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लागले की गंजाला हातभारच लावते, आणि एकदा ते लागल्यावर त्या जागी पुन्हा रंग धरत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण गळतीची तक्रार घेऊन गेल्यावर बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी हीच ट्यूब बाहेर निघते.

या गॅरेजमध्ये पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी मिस्त्रींनी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. गाडी उभी असताना मॅट भिजते की चालवताना? उतारावर तोंड खाली करून लावली तर जास्त भिजते का? पाऊस नसताना, केवळ एसी चालवल्यावर ओल येते का? पाणी बोटाला बुळबुळीत लागते का आणि त्याला गोडसर वास आहे का? प्रत्येक प्रश्नामागे एकेक कारण होते. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी एका छोट्या नळीने गाडीखाली पडायला हवे. ती नळी धुळीने तुंबली की तेच पाणी डाव्या पायांपाशी सांडते आणि माणूस उगाच पावसाला दोष देत बसतो. बुळबुळीत, गोडसर वासाचे पाणी म्हणजे हीटरमधून झिरपणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आणि त्याचा इलाज पूर्णपणे निराळा. माझ्या बाबतीत या दोन्ही शक्यता तिथल्या तिथे निकालात निघाल्या: एसीची नळी फुंकून मोकळी असल्याची खात्री केली गेली आणि मॅटमधले पाणी साधे, मातकट निघाले.

त्यानंतर पुढच्या दोन्ही सीटा, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या आणि मॅट काढून आतला पत्रा उघडा केला. तो पुसून, गरम हवेने वाळवून, डॅशबोर्डखालच्या भागावर आणि दाराच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीवरून पाण्याचा ओघळ गेला की त्याची वाट स्पष्ट उमटते. मग मला टॉर्च देऊन आत बसवले, दारे बंद केली आणि बाहेरून पाणी सोडायला सुरुवात झाली. प्रेशर वॉशरचा फवारा त्यांनी मुद्दाम टाळला, कारण तेवढ्या दाबाने धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसते आणि शोध भलतीकडे जातो. साध्या पाइपने, हलक्या धारेने, खालून वर असा क्रम होता: आधी तळाच्या पत्र्यावरची रबरी बुचे, मग दार, मग वायपरखालची जाळी, मग काचेची खालची कड आणि सर्वांत शेवटी वरची कड व छप्पर. एका जागी बराच वेळ धार धरायची, आत काही दिसले नाही तरच पुढे सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळ्याच जागा भिजवते आणि त्यांतली दोषी कोणती ते कळत नाही, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

"साहेब, टॉर्च मारा आणि पहिला थेंब कुठं दिसतोय तेवढंच सांगा, बाकी मी बघतो," एवढीच त्यांची सूचना होती.

पहिला थेंब दारापाशी दिसला. दाराच्या काचेवरून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते, हा दोष नाही. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. मात्र दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो आणि पोकळीतले पाणी आतल्या बाजूला येऊ न देण्याचे काम तोच करतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने दारात स्पीकर बसवताना तो कागद फाडून ठेवला होता. पॅनेल काढल्यावर दिसले की पाणी स्पीकरच्या कडेवरून पॅनेलच्या पुठ्ठ्यात मुरते, पुठ्ठा फुगतो आणि त्याच्या खालच्या कडेवरून थेंब उंबऱ्याच्या आत पडतात. दाराच्या खालच्या भोकांपैकी एक चिखलाने पक्के बुजलेले होते, ते वेगळेच. पॉवर विंडो किंवा स्पीकर बाहेरून बसवून घेतलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत हा कागद सर्वप्रथम तपासावा, असे माझे मत आहे; तो तपासायला पॅनेलचे चार-दोन स्क्रू आणि क्लिपा काढण्यापलीकडे काही लागत नाही.

वायपरखालच्या जाळीतून पाणी सोडले तेव्हा आत काही आले नाही, पण बाहेरही नीट गेले नाही. जाळी उचलल्यावर खालच्या पन्हळीत गुलमोहराच्या बारीक पानांचा काळा लगदा बसलेला निघाला. मोठी पाने जाळीवर अडतात, गुलमोहराची मात्र सरळ आत जातात. जोराच्या पावसात ही पन्हळ भरून आत सांडण्याची शक्यता होती, म्हणून ती साफ करून घेतली; त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

खरा गुन्हेगार काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात सापडला. तिथे धार धरल्यावर काही वेळ सगळे कोरडे होते, मग डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जुडग्यावर पाण्याची चकाकी दिसली आणि पुढे जुडग्याच्या खालच्या वळणावरून थेंब गळू लागला. आत शिरण्याची जागा आणि मॅट भिजण्याची जागा यांत हातभर अंतर होते. काच काढल्यावर रबराखालचा पत्रा गंजून चाळण झालेला दिसला. वरून पाहणाऱ्याला रबर ठाकठीक वाटत होते, आणि त्यावर ओढलेल्या सिलिकॉनने ओल आतच कोंडून ठेवली होती.

दुरुस्ती ज्या क्रमाने झाली, तो मला योग्य वाटला. गंज घासून चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडला, कुजलेला भाग कापून नव्या पत्र्याची पट्टी सीओटू वेल्डिंगने जोडली, त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि मग रंग. लांबी (पुटी) भरून भोक लपवण्याचा प्रकार कुठेही नव्हता. पायांखालच्या तळातही डांबरी पॅडखाली तळहाताएवढा भाग कुजलेला निघाला, तो तशाच पद्धतीने बदलला. खालून नुसते अंडरकोटिंग, म्हणजे गंजरोधक जाड लेप, मारून देण्याची पद्धत सर्रास आढळते. आतली ओल तशीच ठेवून खालून झाकण घातल्यासारखे ते होते, म्हणून मिस्त्रींनी आतून पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय खालून काहीही लावले नाही.

काच बसवण्याचे काम पाहण्यासारखे होते. नव्या रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी गोल फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला आत सोडली, रबराला साबणाचे पाणी लावले आणि रबरासकट काच बाहेरून चौकटीवर टेकवली. बाहेरून एकजण तळव्यांनी दाबत होता आणि आत बसलेले मिस्त्री दोरी हळूहळू ओढत होते. दोरी सुटत जाईल तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसत होता. एका कोपऱ्यात दोरी अडली तेव्हा जोर न लावता त्यांनी तेवढा भाग बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून घेतला. जुनी लॅमिनेटेड काच कोपऱ्यात दाब पडला की तडकते, आणि तशी तडकल्यास खर्च गाडीमालकाचा, हे त्यांनी काम घेतानाच सांगून ठेवले होते. ही अट कडक वाटते, पण ती आधी सांगितली जाते हे महत्त्वाचे.

खर्चाचा हिशेब असा: शोधाचे दीड हजार रुपये, आणि रबर, पत्राकाम, रंग व मजुरी धरून एकंदर बिल बारा हजारांच्या आत. गाडीच्या बाजारभावाशी तुलना केली तर हा आकडा मोठा वाटेल. परंतु 15 वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तळ कुजलेली गाडी तिथे कोणत्या तोंडाने उभी करायची, हा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याला हा खर्च मोठा वाटणार नाही. शोधाचे दीड हजार तर मी सर्वांत योग्य जागी गेलेले पैसे मानतो, कारण रबर कुठल्याही दुकानात मिळते.

उणिवाही आहेत. मॅटखालचा नमदा पाणी धरून ठेवतो आणि दमट हवेत तो महिना-महिना वाळत नाही. गॅरेजने तो हॅलोजनच्या दिव्याखाली वाळवून परत बसवला आणि वास आठवड्याभरात परतला. शेवटी मी तो फेकून देऊन बाजारातून नवा आणला. हा सल्ला त्यांनीच द्यायला हवा होता. रंगाची छटा जुळली आहे, पण उन्हात काचेखालची पट्टी वेगळी ओळखू येते. पक्के बिल मागितल्यावरच मिळाले, हमी तोंडी, आणि तीही एकाच पावसाळ्याची. चिकटवलेल्या काचांची गाडी असेल तर काच काढण्यासाठी ते बाहेरचा कारागीर बोलावतात आणि सनरूफच्या नळ्यांचे काम घेतच नाहीत. त्यामुळे अलीकडच्या गाडीच्या मालकांनी एवढ्यासाठी उद्यमनगर गाठण्यात फारसा अर्थ नाही.

काम झाल्यावर गाडी गगनबावड्याच्या मुसळधार पावसात नेली, शिवाय उघड्या अंगणात रात्रभर भिजू दिली. पुढचा तळ दोन्ही वेळा कोरडाठाक राहिला. मागे डिकीच्या दाराच्या रबरापाशी मात्र थोडी ओल आढळली. तक्रार केल्यावर त्यांनी डिकीचे लॉक अर्धा सूत आत सरकवून दार रबरावर घट्ट बसेल असे केले आणि त्याचे काही घेतले नाही.

ज्यांना गाडी दाखवायची आहे त्यांनी मृगाच्या आधी, शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत न्यावी. पत्रा पूर्ण कोरडा असल्याशिवाय प्रायमर नीट धरत नाही, आणि जुलैमध्ये उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडखाली कोरडे असे काहीच नसते. शिवाय शोधाच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा ठेवून स्वतः हजर राहावे, कारण टॉर्च घेऊन आत बसणारा माणूस गॅरेज देत नाही.