‘२०० वॅट’च्या सोलर पॅनलने भर पाण्यात घात केला

सहलीच्या तिसऱ्या दिवशी मी आणि मुलगा बोटीने काठापासून बरेच आत गेलो आणि मोटरचा आवाज बसायला लागला. “बाबा, मोटर हळू झाली का?” मुलाने विचारलं. वारा समोरून होता. शेवटी मोटर बंदच पडली आणि आम्ही दोघं आळीपाळीने वल्ही मारत कसेबसे तंबूपाशी पोचलो. हाताला फोड आलेच, पण पाणी खवळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

तंबूच्या मुक्कामी वीज नव्हती, हे आधीच माहीत होतं. बोटीची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, लेड-ॲसिड. ती निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नसते, म्हणजे वापरायला मिळतात ५०. मोटर मध्यम वेगात १५ अँपिअर ओढते. दिवसाला तीन तास धरले तर ४५ गेले. ते भरून काढायला ऑनलाइन घडीचं सोलर पॅनल घेतलं: २०० वॅट, सोबत ‘एमपीपीटी’ चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा. चांगल्या उन्हात १२ अँपिअर मिळतील, पाच तासांत बॅटरी पुन्हा भरेल, असा माझा हिशोब होता. हिशोब बरोबर होता, माल खोटा होता.

दोन्ही दिवस कंट्रोलरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र दुपारी पूर्ण भरलेलं दिसायचं. मी त्यावर विश्वास ठेवला. पण चार्जिंग चालू असताना व्होल्टेज वर चढलेलंच असतं आणि ते चित्र तेवढंच बघतं. पॅनल काढून, बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मग मोजायला हवं. तेव्हा साधारण १२.६ किंवा १२.७ आले तर ती भरली. माझी तिसऱ्या सकाळी ११.९ दिसत होती, पण त्याचा अर्थ मला मोटर बंद पडल्यावर कळला.

घरी आल्यावर भर दुपारी डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) लावला. ३.३ अँपिअर! मग मोजपट्टी घेतली. उलगडलेलं पॅनल जेमतेम १ मीटर बाय अर्धा मीटर. कडक उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते आणि चांगले सेल त्यातले २० ते २२ टक्केच विजेत बदलतात. म्हणजे सगळी जागा सेलनीच भरली असती तरी ११० वॅटच्या वर जाणं शक्य नव्हतं, आणि इथे तर कापडी कडा आणि घड्यांनीच बरीच जागा खाल्ली होती. कंट्रोलरही उघडला. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं असतं. यात ते नव्हतंच. साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनल बॅटरीला नुसतं जोडत-तोडत राहणारा, वर नुसतं एमपीपीटीचं लेबल.

विक्रेत्याला मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, कारण घरी एकदा लावून बघताना चार्जिंग संथ वाटलं होतं. आधी उत्तर आलं, “ढग असतील.” मग “कोन बदलून बघा.” मग “व्हिडिओ पाठवा.” व्हिडिओ पाठवला, तर “तांत्रिक विभाग बघतोय.” दरवेळी दोन-तीन दिवस जात आणि बोलणं इतकं गोड की माझा संशय विरघळायचा. परतीची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकही उत्तर नाही. खरी फसवणूक मला इथेच वाटते.

म्हणून कळकळीने सांगतो, पॅनल घरी आल्या आल्या स्वच्छ उन्हात काढा आणि आधी लांबी-रुंदी मोजा. २०० वॅटला जवळपास १ चौरस मीटर सेल लागतातच. मग लेबलवरच्या वॅटना त्यावरच्याच कार्यरत व्होल्टेजने भागा. १८ व्होल्ट असेल तर क्लॅम्प मीटरवर ११ अँपिअरच्या आसपास यायला हवेत. साध्या मल्टिमीटरने मोजू नका, बहुतेकांची मर्यादा १० अँपिअर असते, फ्यूज उडेल. आकडा निम्मा आला तर विक्रेत्याशी चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी परतीची नोंद टाका.

काल तेच पॅनल पुन्हा विक्रीला दिसलं. फोटो तोच, मापं तीच. लेबलवर आता ३०० वॅट आहे.