प्रवासातला दाढीचा ब्रश: आधी वाळतो का ते बघा

प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दाढीच्या ब्रशचं कौतुक बहुतेक वेळा मऊ केस, देखणी मूठ आणि लहानशी डबी यांवरूनच होतं. पण सकाळी सातला दाढी करून आठला बॅग बंद करायची असेल, तर पहिली कसोटी वाळण्याची. ओला ब्रश बंद नळीत दिवसभर राहिला की संध्याकाळी झाकण उघडताच कुबट वास येतो. बाजारात मिळणारे दोन घाट आणि एक घरगुती उपाय, हे आधी याच कसोटीवर घासून बघितलेले बरे.

पहिला घाट उलटा होणारा. यात मूठ म्हणजेच धातूची पोकळ नळी. केसांचा झुबका आट्यांवरून सोडवायचा, उलटा करून नळीत घालायचा आणि पुन्हा पिळून बसवायचा. म्यूले या जर्मन कंपनीचा प्रवासी ब्रश याच घाटाचा आहे. बंद केल्यावर तो तळहातात मावतो, केस दबत नाहीत, आणि उघडल्यावर धरायला पूर्ण लांबीची मूठ मिळते. अॅल्युमिनियमची नळी हलकी पडते; पितळेवर मुलामा दिलेली हातात छान वाटते, पण वजन उगाच वाढवते. या घाटाची दुखरी जागा म्हणजे आटे. त्यांत साबण सुकला की झुबका अर्धवट बसतो आणि ऐन फेस करताना हलायला लागतो. दाढी झाल्यावर झुबका सुटा करून आटे वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि अंगठ्याने पुसायचे, बस. घेताना नळीच्या बंद टोकाला हवेची भोकं आहेत का ते जरूर पाहा. भोकं नसलेली नळी कितीही सुबक असली तरी आमचं मत तिच्या विरुद्ध.

दुसरा घाट म्हणजे आखूड मूठ आणि वरून टोपण. स्वस्त आणि सुटसुटीत, पण टोपण घालताना कडेचे केस हमखास अडकतात आणि थोड्याच दिवसांत वाकडे होतात. टोपण सरळ न ढकलता, केस बोटांनी मिटून, फिरवत फिरवत घालावं लागतं. तिसरा उपाय कुठलीही प्रवासी वस्तू विकत न घेण्याचा: नेहमीचा लहान ब्रश आणि रुंद तोंडाची, तळाला चार-पाच भोकं पाडलेली गोळ्यांची रिकामी प्लास्टिक बाटली. दिसायला गबाळं, कामाला चोख.

घाटापेक्षाही मोठा फरक पडतो तो केसांनी. डुकराचे आणि बॅजर या रानटी प्राण्याचे केस स्वतः पाणी शोषतात. डुकराच्या केसांचा ब्रश वापरण्याआधी काही मिनिटं भिजत ठेवावा लागतो, आणि जे आत शिरलं ते बाहेर निघायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतं. दाट झुबका दुसऱ्या सकाळपर्यंत मुळाशी ओलसर असतो. सिंथेटिक तंतू पाणी पीत नाहीत. पाणी फक्त तंतूंच्या मधे अडकतं, ते झटकून निघतं. घरी बॅजर वापरणाऱ्यानेही प्रवासाला सिंथेटिकच न्यावा. झुबक्याचा व्यास १८ ते २१ मिलिमीटर पुरे. त्याहून जाड घेतला तर वाळण्याचा फायदा हातचा जातो.

वाळवण्याची रीत मात्र नीट हवी. साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा. राहिलेला साबण मुळाशी घट्ट होतो आणि ओल धरून ठेवतो. मग झुबका मुळापासून टोकाकडे दाबत पाणी काढा, पिळू नका, पिळल्याने केस मुळातून सुटतात. आठ-दहा जोरकस झटके द्या आणि कोरड्या टॉवेलवर वीसेक वेळा मागेपुढे फिरवा. आता झुबका मुळाशी चिमटीत दाबून बघा: बोटांना गारवा लागला तर ओल अजून आहे. तसाच न्यावा लागला तर नळीत न कोंबता टिश्यूच्या सैल गुंडाळीत, टोकं उघडी ठेवून न्या. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम ब्रश बाहेर काढण्याचं, आणि तोही वाफेने भरलेल्या न्हाणीघरात नको, खोलीत वारा लागेल तिथे. मुळाशी काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. तो ब्रश टाकून द्यावा, तोंडाला लावू नये.

आता क्रीम. विमानात हाताशी ठेवायच्या सामानात द्रव आणि लगदावजा वस्तूंना अनेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असते, आणि मोजलं जातं ते डब्यावर छापलेलं माप, आत उरलेला माल नाही. प्रोरासो या इटालियन कंपनीच्या क्रीमची १५० मिलिलिटरची ट्यूब तळाशी आली असली तरी अशा तपासणीत अडकते. क्रीम लहान डबीत काढून न्यावं. एका दाढीला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे बदामाएवढं, भरपूर होतं. दहा ग्रॅमच्या डबीत आठवडा निघतो. दोन-तीन दिवसांसाठी कॉन्टॅक्ट लेन्सची नवी कोरी डबी उत्तम, तिची झाकणं आट्यांची असतात. डबी काठोकाठ भरा. उडत्या विमानातला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात, त्यामुळे डबीत कोंडलेली हवा साधारण पाव ते एक तृतीयांश पटीने फुगते आणि क्रीमला बाहेर ढकलते. ट्यूब नेत असाल तर झाकण लावण्याआधी तिच्यातली हवा दाबून काढा.

ही सगळी कटकट नको असेल त्यांनी साबणाची कांडी घ्यावी. आर्को या तुर्की ब्रँडची कांडी ७५ ग्रॅमची येते, महिनोन्महिने पुरते, आणि घन असल्याने द्रवांच्या मर्यादेत धरली जात नाही. ओल्या खुंटांवर कांडीचे सात-आठ उलटे फटकारे मारायचे आणि ओलसर ब्रश चेहऱ्यावरच फिरवायचा. वाटी लागतच नाही. वासाबद्दल दुमत आहे: काहींना तो स्वच्छ वाटतो, काहींना कपड्यांच्या साबणाचा. आमच्या लेखी कांडीचा खरा दोष वेगळाच. ओली गुंडाळली की ती कागदाला चिकटते, म्हणून टोक टिपून कोरडं केल्यावरच मिटायची.

चांगला ब्रश, चांगलं क्रीम, आणि तरी फेस बसतो, अशी तक्रार परगावी हमखास होते. दोष बहुधा पाण्याचा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं; जेवढा साबण साक्यात गेला तेवढा फेसातून वजा. ओळखायची खूण सोपी: मोठे बुडबुडे येतात, चेहऱ्यावर लावताच फुटतात, आणि बेसिनला करड्या रंगाची कड धरते. अशा वेळी लोक पाणी वाढवतात आणि फेस आणखी पातळ करून बसतात. करायचं ते उलट. क्रीम दीडपट घ्या, ब्रश चांगला झटकून सुरुवात करा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवा. त्यानेही जमलं नाही तर फेसापुरतं आरओचं पाणी वापरा, ३० मिलिलिटर पुरतं. तोंड धुवायला नळाचं चालेल. बाटलीतलं मिनरल वॉटरही जड असू शकतं, त्यामुळे त्यावर डोळे मिटून विसंबू नये. किटली असेल तर पाणी उकळून, निवू देऊन वरचं वापरा. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी पांढरा थर होऊन बसतो. फेस जमला हे कसं कळतं? ब्रश उचलल्यावर वर टोक उभं राहतं आणि ते किंचित वाकतं, पृष्ठभाग दह्यासारखा तकतकीत दिसतो, बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत. टोक ताठ आणि कोरडं असेल तर अजून थोडं पाणी हवं.

रेझरबद्दल थोडक्यात. दुधारी पाती हाताशी ठेवायच्या सामानात नेऊ देत नाहीत. ती चेक-इन बॅगेत टाका किंवा पोचल्यावर घ्या. नुसता दांडा बऱ्याच ठिकाणी चालतो, पण शेवटचा शब्द तपासणाऱ्या माणसाचा. कार्ट्रिज रेझरला सहसा अडचण येत नाही, आणि ब्रशने केलेला फेस त्यालाही तितकाच लागू पडतो. अनोळखी आरशात, कमी उजेडात सुलटा हात दोनदा फिरवावा. उलट्या हाताचा हट्ट तिथे करू नये, कापण्याच्या बऱ्याच घटना त्या उलट्या फेरीतल्याच वाटतात. तुरटीचा लहान खडा जवळ असू द्या, तोही कोरडा करूनच ठेवायचा.

वापरलेली पाती खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात उघडी टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. पात्यांच्या बऱ्याच प्लास्टिक पाकिटांना मागच्या बाजूला जुन्या पात्यासाठी खाच असते. ती नसेल तर पातं जाड कागदात चार पदरी गुंडाळून चिकटपट्टी लावा.